पायलट चालती आहे तोवर

आज सकाळी चहात पिशवीचं दूध होतं. पहिला घोट घेतला आणि कळलं. म्हणजे आधी जिभेला कळलं, मला जरा उशिरा. पिशवीच्या दुधाचा चहा वाईट असतो असं नाही, उगाच खोटं कशाला बोलू, माझ्या मैत्रिणीच्या, संस्कृतीच्या घरी तर मी तो मागून घेते. पण त्याला कुणाचा वास नसतो. आमच्या चहाला आमच्या गाईचा, पायलटचा असतो, ओल्या गोणपाटाचा, सरकीच्या पेंडेचा, आणि तिच्या कानामागं हात घातला की बोटांना जो उबट, थोडा गोडूस लागतो, त्याचा. मी कपावरून वर पाहिलं. पप्पांनी बशीत चहा ओतला होता आणि ते फुंकत होते, गार झाला तरी फुंकतच होते. आजोबा दाराकडं तोंड करून बसलेले. आई ओट्याशी पाठमोरी. पिशवीचा कापलेला निळा कोपरा, नखाएवढा, ओट्यावर पडला होता. तो तिनं उचलला, कचऱ्यात टाकायला हात पुढं केला आणि टाकला नाही. मुठीत धरून तशीच उभी राहिली.

एवढंच झालं. एवढ्यावरून घाबरावं असं त्यात काय आहे? पण आमच्या घरी पायलट आजारी पडल्यापासून कोरा चहा होता. डॉक्टर मेघा मॅडमनी इंजेक्शनं सुरू केली तेव्हाच बजावलं होतं, औषध अंगातून उतरेपर्यंत हिचं दूध पिऊ नका. तसंही ती वाटीभरच द्यायची, ते आई पिळून मोरीत सोडायची. दुकान दारासमोर आहे, पिशवी आणायला चप्पलसुद्धा घालावी लागत नाही. तरी कुणी आणली नाही. असं काही ठरलं नव्हतं, आपोआपच. आम्ही सगळे काळाकुट्ट, जरा जास्त साखरेचा चहा पीत होतो आणि त्याचा अर्थ होता, आम्ही थांबलोय, तीच देईल, मधे दुसऱ्या कुणाचं कशाला. आणि आज आईनं पिशवी आणली. म्हणजे आई आता थांबत नव्हती.

मी दप्तर उचलून निघाले तर पप्पा मागून म्हणाले, "वकीलबाई, आज लवकर या. आल्यावर तुम्ही बघा, मग मी फोन लावतो." वकीलबाई मी एप्रिलपासून. जयंतीला चौकातल्या स्टेजवर मी भाषण केलं, पहिल्यांदाच, कागद न घेता. सुरुवातीला माइक कुंई कुंई करत होता, पण मग काय झालं कुणास ठाऊक, आवाज माझ्यातून निघाला आणि समोरच्या सगळ्या माणसांवरून फिरून परत माझ्याकडं आला, आणि मला तो आवडला! तेव्हापासून मी अशी आहे. वर्गात हात वर करते, रिक्षावाल्या काकांशी भाव करते. पप्पांनी तो व्हिडिओ शेंद्र्याच्या कंपनीत सगळ्यांना दाखवलाय. ते तिथं फिटर आहेत. घरात पंखा घ्यायचा तरी आता "वकीलबाई काय म्हणतात?" असं विचारतात. म्हणून रिक्षात बसल्या बसल्या मी मुद्दे काढायला घेतले. जालना रोड ढगाळ उजेडात भिजल्यासारखा दिसत होता, आणि माझे मुद्दे तयार होते. एक तर पायलट म्हातारी नाही. दुसरं, मेघा मॅडमचा हात चांगला आहे. तिसरं... तिसऱ्याला मी अडले, कारण तिसरं म्हणजे ती पायलट आहे, आणि हा काही मुद्दा होत नाही.

तिचं नाव पायलट मीच ठेवलंय. चिकलठाण्यात, विमानतळाच्या भिंतीपासून जवळ आमची गल्ली. तिची आई व्याली तेव्हा मी तिसरीत होते आणि आजोबांच्या मागं लपून बघत होते. ओली, चिकट, काळी-पांढरी, एक गाठोडंच पडलं होतं गवतावर. आजोबा तिच्या नाकातलं बोटानं काढत होते, तेवढ्यात वरून विमान गेलं, पत्रे थरथरले, आणि त्या गाठोड्यातून एक डोकं निघालं आणि विमान गेलं त्या बाजूला वळलं. आईला बघायच्या आधी तिनं विमान बघितलं! मी ओरडले, "पायलट!" पप्पा म्हणाले, अगं गाय आहे ती. मी म्हटलं, मग काय झालं, बायका पायलट होत नाहीत का? तेव्हा आजोबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. अजूनही विमान गेलं की ती रवंथ थांबवते. जबडा तिरका तसाच राहतो, कान मागं जातात, आवाज विरेपर्यंत ती कुठंतरी असते. मला नेहमी वाटायचं, ती वर जाऊन येते. वरून आमची गल्ली कशी दिसत असेल ते बघून येते, निळे झेंडे, पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेले कपडे, आणि मधोमध स्वतः, टिकलीएवढी. मग परत येते आणि जबडा पुन्हा सुरू.

"विशाखा, तू वाच," मराठीच्या बाई म्हणाल्या. माझा आवाज मोठा म्हणून हल्ली वाचायला मीच असते. मी उभी राहून वाचायला लागले. शब्द तोंडातून जात होते, नीट, स्वल्पविरामाला थांबून, पण मी तिथं नव्हतेच. मी काल संध्याकाळी होते, गोठ्यात, मेघा मॅडमच्या शेजारी, आणि त्या माझं बोट धरून पायलटच्या मानेवर ठेवत होत्या. "हे बघ, इथं मोठी शीर आहे. मधोमध दाब. असं. आता दाबलंस त्याच्या खालची बाजू रिकामी व्हायला पाहिजे, रक्त काळजाकडं निघून जायला पाहिजे. झाली का रिकामी?" मला नीट कळत नव्हतं. झाल्यासारखी वाटत होती, नाही झाल्यासारखीही. मॅडमनाही तसंच वाटलं असणार, कारण त्यांनी माझं बोट पुन्हा एकदा तिथंच दाबायला लावलं. मग त्यांनी हात धुतले आणि सगळं सरळ सांगितलं, मला हेच त्यांचं आवडतं, बाया-पोरींना वेगळं आणि पप्पांना वेगळं असं त्या सांगत नाहीत. "तार गिळलीय हिनं. चुंबक पोटात सोडून बघितलं, इंजेक्शनं झाली, फरक नाही. तार अजून पोटातच रुतलेली असली तर डाव्या कुशीतून पोट उघडून हातानं काढता येते. जनावर उठतं, दूध देतं, मी केलीत अशी ऑपरेशनं. तेव्हा खर्च करा, मीच म्हणेन करा. पण तार पुढं सरकून काळजाला लागली असली, तर मग कितीही खर्च करा, तो तुमच्या समाधानाचा. तिच्या वाट्याला नुसतं फाडणं येईल." आज त्या पैठणकडं असणार होत्या, संध्याकाळी सहापर्यंत फोन करा म्हणाल्या. शीर दाबल्यावर रिकामी झाली तर त्या सगळं सामान घेऊन येतील. तशीच भरलेली राहिली, उडत राहिली, पुढच्या पायांमधल्या कातडीत पाणी उतरलं, तर सामान आणायचं नाही. आणि बघायचं मी. कारण चुंबकाची नळी आणि सुया झाल्यापासून पायलट मानेला हात लावू देते तो फक्त मला.

"तार आली कुठून पण?" निघताना मॅडमनी विचारलं होतं. सहजच. पप्पांनी खाली बादलीकडं पाहिलं. बादलीची कडी तारेनं बांधलेली होती. मीही पाहिलं. मग मला सगळीकडं तारच दिसायला लागली. फाटकाला तार, आजोबांच्या चष्म्याच्या काडीला बारीक तार, मोरीच्या नळाला तार. पप्पांच्या जगात कुठलीही गोष्ट तारेनं जोडता येते, नीट पीळ देऊन, टोक आत वळवून, कुणाला बोचू नये म्हणून. उन्हाळ्यात करमाडच्या मावशीकडून कडबा आणला तेव्हा दोर कमी पडला म्हणून काही पेंढ्या त्यांनी तारेनं बांधल्या होत्या. आणि कडबा कुट्टीच्या मशीनला पेंढी काय, तार काय. ती सगळ्याचे सारखे तुकडे करते. मॅडम गेल्यावर पप्पा बराच वेळ गोठ्यात ठोकाठोक करत होते. पायलटचे पुढचे पाय उंचावर राहिले तर तिला बरं वाटतं, म्हणून फळ्यांचा ओटा त्यांनी केलाच होता, त्याची एक फळी हलत होती. ती त्यांनी सुतळीनं बांधली. मी आयुष्यात पहिल्यांदा पप्पांना सुतळीनं काही बांधताना पाहिलं. त्यांना गाठ जमत नव्हती.

"पुढं? पुढचं वाच ना," बाई म्हणाल्या. मी ओळीच्या मध्येच थांबले होते. संस्कृती खालून कुजबुजली, "काय झालं गं? तू आणि गप्प? तब्येत ठीक आहे ना?" आणि मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं. मी पुन्हा सुरू केलं, पण आता आवाज परत माझ्याकडं येत नव्हता. भिंतीलाच चिकटत होता.

काल रात्रीची जेवणं व्हायच्या आधी आई-पप्पा बोलत होते, तेही मला त्या धड्यातच ऐकू येत होतं. पप्पा म्हणाले, करू ऑपरेशन. आई म्हणाली, शीर बघायच्या आधीच? ते म्हणाले, ओव्हरटाइम करीन, कंपनीत उचल मिळते. तर आई म्हणाली, "पैशाचं कोण बोलतंय? लागला तर लागू द्या. पण तिच्यासाठी करायलात का तुमच्यासाठी, एवढं सांगा मला." मला तेव्हा आईचा राग आला होता. किती कोरडं बोलते, असं वाटलं होतं. तेवढ्यात समोरच्या सरूकाकू आल्या म्हणून बरं. त्या आईला म्हणाल्या, "अवं रत्नमाला, नजर लागली असंल तिला. मीठ-मिरची उतरून टाका की. गोमाता हाय, आसं कसं बरं व्हायचं न्हाय?" आजोबा खाटेवरून म्हणाले, "सरूबाई, आमच्यात नाय ते. आमी देव बी सोडले आन् नजर बी." काकू म्हणाल्या, "तुमी सोडली, पर नजरंनं तुमाला सोडलं का?" आणि दोघंही हसले. त्यांचं हे कायमचं आहे. आजोबांनी पायलटची आई आणली तेव्हा गल्लीत आमच्या घरचं दूध कुणी घेत नव्हतं, हे मला आईनं सांगितलंय. सांगायचं कुणी नाही, नुसतं घ्यायचं नाही. सकाळी आई बरणी घेऊन दारात बसायची आणि दूध तिथंच दही व्हायचं. मग एक दिवस सरूकाकू आपली पितळी लोटी घेऊन रस्ता ओलांडून आल्या, सगळ्यांच्या देखत. त्यानंतर हळूहळू सगळेच आले. आज सकाळपासून काकूंकडं काय असेल चहाला, असं मला उगाचच वाटत राहिलं.

आणि आजोबा. आजोबा ऑपरेशनबद्दल एकदाच बोलले आहेत, तेही मला एकटीला, आणि ते सारखं डोक्यात फिरतंय. पाचोडकडच्या त्यांच्या गावात त्यांचे वडील मेलेली ढोरं ओढायचे. कुणाचीही, कुठंही पडलेली. गावाचा हुकूम. "बाबासाहेबांचं ऐकलं आन् माझ्या बापानं दोर खाली ठिवला," हे आजोबा नेहमी सांगतात. "गावानं पाणी तोडलं, काम तोडलं. दोर नाय उचलला. मी एवढासा होतो, इसाखे, पण त्यो जिमिनीवर पडलेला दोर मला दिसतो आजून." म्हणून आमच्या घरचा दोर मेलेल्या जनावराला लावायचा नाही. हा नियम कुठं लिहिलेला नाही, आणि कुणी मोडेल असं कुणाच्या मनातही येत नाही. आजोबांनी गाय घेतली ती दुधासाठी नाही, असं मला वाटतं. जिवंत, आपली, आपल्या दावणीला, एवढ्यासाठी घेतली. पण आमची गल्ली अरुंद आहे. महापालिकेची गाडी आत येत नाही. जनावर गोठ्यात गेलं तर पायाला दोर बांधून, सगळ्या दारांपुढून, फरफटत गल्लीच्या टोकाच्या उंचवट्यापर्यंत, गाडी थांबते तिथवर, न्यावं लागतं. काल आजोबा फाटकाशी उभं राहून गल्ली बघत होते, या टोकापासून त्या टोकापर्यंत, जणू मोजतायत. मी जवळ गेले तर म्हणाले, "शीर बघशील तवा एक ध्यानात ठिव. जे करायचं ते ती चालती हाय तोवर." ऑपरेशन करा म्हणाले नाहीत, करू नका म्हणाले नाहीत. मला वाटलं होतं, तेही माझ्या बाजूनं आहेत.

शाळा सुटल्यावर मी रिक्षाची वाट न बघता मुकुंदवाडीपर्यंत चालतच निघाले, मग अर्ध्यात रिक्षा मिळाली. सगळं शहर पाण्याखाली असल्यासारखं हळू हलत होतं. उसाच्या रसवाल्याचं चाक हळू फिरत होतं. डिव्हायडरवर बसलेल्या मोकाट गाई माना हळू वळवत होत्या, आणि मी प्रत्येकीच्या मानेवर शीर शोधत होते. मुद्दे आठवून पाहिले. एक, म्हातारी नाही. दोन, हात चांगला. मग मॅडमचा शब्द आला, समाधानाचा, आणि माझे दोन्ही मुद्दे त्याच्यात विरघळून गेले, साखरेसारखे.

गोठ्यात आई होती. पाण्याचं घमेलं भरलेलंच होतं, पायलटनं तोंड लावलेलं नव्हतं. ती ओट्यावर पुढचे पाय ठेवून, पाठ कमानीसारखी वर करून उभी होती, कोपर बाहेर काढून, आणि प्रत्येक श्वासाच्या शेवटी एक बारीकसा आवाज काढत होती. मी दप्तर टाकलं. तिच्या कानामागं हात घातला, तोच उबट वास, मग हात खाली आणला. शोधावं लागलंच नाही. शीर दिसत होती. दोरासारखी, जबड्यापासून छातीपर्यंत. मी मधोमध दाबलं आणि वाट पाहिली. खालची बाजू रिकामी झाली नाही. उलट माझ्या बोटाला खालून टकटक व्हायला लागलं, कुणीतरी बंद दारावर आतून वाजवावं तसं. पुढच्या पायांमधली कातडी पाण्यानं भरून लोंबत होती. मी बोट काढलं नाही. मला वाटलं, काढलं की हे खरं होईल.

मी आईकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काही नवीन नव्हतं.

"सकाळीच दिसली," आई हळू म्हणाली. "पाणी द्यायला आले तेव्हा."

"मग सांगितलं का नाही?"

"मी सांगितलं असतं तर तुझ्या पप्पांना वाटलं असतं, हीच नको म्हणतेय. पोटात घेऊन बसले असते जन्मभर. तुझं ते ऐकतात. तू सांगितलं तर वाटेल, शीरच बोलली."

म्हणजे सकाळचा चहा म्हणजे आईचं सांगणं होतं. जेवढं तिला सांगता आलं तेवढं. त्या निळ्या कोपऱ्याभोवती मिटलेली तिची मूठ मला पुन्हा दिसली, आणि कालचा माझा राग कुठं ठेवावा ते कळेना.

पप्पा आले, कंपनीच्या शर्टावरच. हातात मोबाइल, त्यावर मॅडमचा नंबर काढूनच ठेवलेला. "बोला वकीलबाई," ते म्हणाले. हसायचा प्रयत्न करत होते. "हो ना? लावू ना?"

स्टेजवर माझ्यापुढं चौकभर माणसं होती आणि मी घाबरले नव्हते. इथं एकच माणूस होता. मी म्हटलं, "पप्पा, तार पोटात नाही राहिली."

"नीट बघितलं का? घाईत बघितलं असंल. पुन्हा बघ."

मी त्यांचा हात धरला. मला वाटलं पायलट मान झटकेल, पण तिनं झटकली नाही. कदाचित तेवढीही ताकद नव्हती, कदाचित तिला त्यांचा हात कळला. मी त्यांचं जाड, काळं पडलेलं बोट त्या शिरेवर ठेवलं आणि वरून माझं दाबलं. आम्ही दोघं ते टकटक ऐकत राहिलो. ऐकतच होतो, कारण ते बोटातून कानात येत होतं. मग त्यांचा हात चटका बसल्यासारखा मागं आला.

"माझी तार," ते म्हणाले.

कुणी नाही म्हटलं नाही. खोटं बोलायची ती जागाच नव्हती. आईनं नुसता त्यांच्या पाठीवर हात ठेवला. फाटकातून आजोबा म्हणाले, "राजेंद्रा, चालती हाय ती आजून. बसायच्या आत भाईर काढ." आणि पप्पांच्या हातातून मी मोबाइल घेतला. "मॅडम, विशाखा बोलतेय. सामान नका आणू. तिचं दुखणं कायमचं थांबेल तेवढं इंजेक्शन आणा. आम्ही तिला घेऊन उंचवट्यावर येतोय." पलीकडून मॅडम फक्त "शहाणी आहेस" म्हणाल्या, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा शाबासकी नकोशी झाली.

ओट्यावरून खाली उतरताना तिला फार त्रास झाला. उतार तिला सोसत नाही. पप्पांनी छातीखालून दोन्ही हातांनी आधार दिला, गाल तिच्या खांद्याला लावून, आणि एक एक खूर जमिनीवर आला. मग गल्ली. मी पुढं, दोर माझ्या हातात, मागं पप्पा, आई, आणि सगळ्यांत शेवटी आजोबा काठी टेकत. दारादारांत माणसं उभी होती. सरूकाकूंनी पितळी लोटी खाली ठेवून हात जोडले, "माये," म्हणाल्या. आजोबा आज काही बोलले नाहीत, फक्त त्यांच्या दारापुढं क्षणभर थांबले.

गल्लीच्या टोकाला चढ लागतो. मला वाटलं आता ती बसेल. मी थांबले. पण तिचे पुढचे पाय चढावर पडले आणि तिचा श्वास बदलला. श्वासाच्या टोकाचा तो बारीकसा कण्हण्याचा आवाज गळून गेला. पाठ थोडी सरळ झाली. मॅडमनी सांगितलंच होतं की चढ तिला सोपा जाईल, पण ऐकणं वेगळं आणि तिचं ओलं नाक माझ्या कोपराला लागून पुढं सरकणं वेगळं. ती माझ्याही पुढं झाली. मी नुसती शेजारून चालत होते. वर विमानतळाची भिंत, तिच्यावर राखाडी, मऊ आभाळ, कडुनिंबाखाली थोडं हिरवं. पप्पा मागून म्हणाले, "वढू नको गं तिला." मी म्हटलं, "नाही ओढत, पप्पा. बघा ना."

वरून संध्याकाळचं विमान गेलं. जमीन तळपायातून थरथरली. पायलट थांबली. कान मागं गेले, डोकं वळलं, आणि ती गेली तिकडं, वर, नेहमीसारखी. तिथून तिला आम्ही दिसत असणार, चढावर चार माणसं आणि मधोमध ती. मी वाट पाहिली. आवाज विरला. मग तिनं पुढचा पाय उचलला आणि उरलेला चढ चढायला लागली. दोर माझ्या हातात होता, आणि वरपर्यंत तो एकदाही ताणला गेला नाही.